ईम : स्वतःभोवती शीव आखून घेणारे गाव

इंग्लंडमधील खेडे म्हटले की राखाडी दगडाची घरे, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या, चर्चचा बुटका मनोरा आणि चहूबाजूंनी मेंढ्यांची हिरवी कुरणे असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. डर्बीशायर परगण्यातील ईम हे गाव या चित्रात तंतोतंत बसते. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे पाहून 'एयम' असा उच्चार करावासा वाटतो. पण गावकरी मात्र आपल्या गावाला 'ईम' म्हणतात. उंच टेकडीच्या कुशीत वसलेल्या या गावाची वस्ती आज जेमतेम हजाराच्या घरात आहे. एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक जुना वाडा, एक लहानसे संग्रहालय आणि दोन-चार उपाहारगृहे असा त्याचा एकंदर पसारा. तरीही जगभरातून माणसे येथे येतात, घरांसमोरच्या पाट्या वाचतात आणि बहुधा आवाज खाली आणून बोलू लागतात. या पाट्यांवर साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या त्या घरात प्लेगने गेलेल्या माणसांची नावे आहेत.

१६६५-६६ या दोन वर्षांत ईममध्ये प्लेगची साथ आली आणि चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे दगावली. इंग्लंडमधील इतर गावांनीही अशा साथी पाहिल्या होत्या. ईमचे नाव इतिहासात राहिले ते वेगळ्या कारणाने. साथ शेजारच्या गावांत पसरू नये म्हणून या गावाने स्वतःच आपल्याभोवती शीव आखून घेतली आणि ती ओलांडायची नाही, असे ठरवले. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत सारे जग घरात कोंडले गेले, तेव्हा ईमची आठवण पुन्हा एकदा सर्वत्र निघाली. त्या कथेतील खरे किती आणि मागाहून रंगवलेले किती, हे समजून घेतले तर या गावाची भेट अधिक अर्थपूर्ण होते.

गावाची तोंडओळख

ईम हे पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते. १९५१ मध्ये स्थापन झालेले हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान. 'राष्ट्रीय उद्यान' या शब्दाने आपल्याला ताडोबा किंवा बोरिवली आठवते. परंतु ब्रिटनमधील अशा उद्यानांत गावे, शेते, कुरणे आणि कारखानेही असतात. पोलादाच्या उद्योगामुळे प्रसिद्ध झालेले शेफिल्ड शहर येथून साधारण वीस किलोमीटरवर आहे. सतराव्या शतकात ईमचा उदरनिर्वाह शेती, मेंढपाळी आणि मुख्यतः शिशाच्या खाणींवर चाले. टेकड्यांच्या पोटात खणलेल्या जुन्या खाणींच्या खुणा आजही आसपासच्या पायवाटांवर दिसतात.

गावाच्या मध्यभागी सेंट लॉरेन्सचे चर्च आहे. त्याच्या आवारात आठव्या शतकातील एक दगडी क्रूस उभा आहे. अँग्लो-सॅक्सन काळातील वेलबुट्टी आणि देवदूतांच्या आकृत्या त्यावर अजून स्पष्ट दिसतात. क्रूसाच्या खांबाचा थोडा भाग मात्र हरवला आहे. चर्चच्या भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. स्थानिक वेळेखेरीज जगातील दूरदूरच्या ठिकाणांच्या वेळेचाही अंदाज त्यावरून बांधता येतो. आत प्लेगमध्ये मरण पावलेल्यांच्या नावांची नोंदवही ठेवलेली आहे. १९८५ मध्ये बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत साथीची सारी कथा चित्ररूपाने पाहावयास मिळते. क्रिकेटवेड्या मराठी माणसाने आवारातील आणखी एक कबर चुकवू नये. डर्बीशायरकडून खेळलेले हॅरी बॅगशॉ १९२७ मध्ये वारले. त्यांच्या समाधिदगडावर चेंडूने उडालेल्या यष्ट्या कोरलेल्या आहेत आणि वर पंचाचे उंचावलेले बोटही आहे!

चर्चच्या पश्चिमेला रस्त्यालगत दगडी घरांची एक रांग आहे. तिच्यातील एका घराला 'प्लेग कॉटेज' म्हणतात. त्यापुढे ईम हॉल हा १६७०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे साथ ओसरल्यानंतर काही वर्षांतच, राइट घराण्याने बांधलेला वाडा लागतो. समोरच्या हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवण्याचा जुना लाकडी खोडा जपून ठेवला आहे. गावाच्या पश्चिम टोकाला पूर्वीच्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात १९९४ पासून गावाचे संग्रहालय आहे. गाव पाहण्याची सुरुवात तेथून केली, तर पुढच्या प्रत्येक पाटीचा संदर्भ लागत जातो.

कापडाचे गाठोडे

१६६५च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. ईम लंडनपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, डोंगराळ भागात असल्याने निर्धास्त होते. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचे एक गाठोडे आले. परंपरागत कथेनुसार कापड दमट होते, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या मदतनीसाने ते शेकोटीपुढे वाळत घातले. त्या कापडात पिसवा होत्या. काही दिवसांतच व्हिकर्स तापाने फणफणला, अंगावर गाठी उठल्या आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याच्या दफनाची नोंद झाली. त्याच घरातील लहानगा एडवर्ड कूपर त्याच महिन्यात गेला. पाठोपाठ शेजारच्या घरांतून प्रेते निघू लागली.

वर्षअखेरपर्यंत चाळीसहून अधिक माणसे दगावली होती. थंडी वाढली तशी साथ मंदावली. वसंत ऋतूत संकट टळले असे गावाला वाटू लागले. परंतु जून १६६६ मध्ये उष्म्याबरोबर साथ पुन्हा उसळली. आता गाव सोडून पळावे की थांबावे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहिला.

दोन धर्मोपदेशकांचा समेट

गावाचे धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन हे तिशीच्या आतले तरुण होते. १६६४ मध्ये ते पत्नी कॅथरीन आणि दोन लहान मुलांसह येथे आले होते. गावाने त्यांना अद्याप मनापासून स्वीकारलेले नव्हते. त्यामागे त्या काळचे राजकारण होते. इंग्लंडमधील यादवी युद्ध आणि प्रजासत्ताकाचा प्रयोग संपून १६६० मध्ये राजेशाही परत आली होती. १६६२च्या कायद्याने प्रत्येक धर्मोपदेशकावर अधिकृत प्रार्थनापुस्तक स्वीकारण्याची सक्ती केली. ज्यांनी नकार दिला त्यांची पदे गेली. ईमचे थॉमस स्टॅन्ली हे अशांपैकीच एक प्युरिटन पंथीय धर्मोपदेशक. पद गेले तरी गावातील अनेकांची निष्ठा त्यांच्यावरच होती.

एका गावात दोन धर्मगुरू, एकाकडे पद आणि दुसऱ्याकडे लोकांचा विश्वास, अशी ही अवस्था. एरवी त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसते. साथीने मात्र दोघांना एकत्र आणले. एकट्या मॉम्पेसन यांचे गावाने ऐकले नसते आणि स्टॅन्ली यांच्याकडे अधिकार नव्हता. जून १६६६ मध्ये दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या, अशी कथा आहे. पहिली, चर्चच्या आवारात विधिपूर्वक दफन बंद. प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात पुरावे. दुसरी, चर्चला कुलूप. प्रार्थना उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून करावी. तिसरी आणि सर्वांत कठीण म्हणजे साथ संपेपर्यंत गावाची शीव कोणीही ओलांडायची नाही.

उघड्यावरच्या प्रार्थनेसाठी निवडलेली जागा म्हणजे गावालगतची ककलेट डेल्फ ही घळ. चुनखडीच्या खडकात तेथे नैसर्गिक कमानी तयार झाल्या आहेत. त्यांपैकी एका कमानीत उभे राहून मॉम्पेसन उपदेश करीत आणि समोरच्या उतारावर कुटुंबे वेगवेगळी बसत. ज्या गर्दीत जून महिन्यात शेजारी भेटला, तो पुढच्या रविवारी दिसेलच याची खात्री नव्हती.

शिवेवरचा दगड

शीव बंद केली तरी पोट कसे भरायचे, हा प्रश्न होताच. जवळच्या चॅट्सवर्थ येथे राहणारे डेव्हनशायरचे तिसरे अर्ल विल्यम कॅव्हेन्डिश यांनी अन्नधान्य आणि औषधे पुरवण्याचे मान्य केले. शेजारच्या गावांतील लोकही सामान आणून शिवेवरील ठरावीक जागी ठेवून जात. ते दूर गेल्यावर ईमकर ते उचलत आणि किंमत तेथेच ठेवत.

यांतील दोन जागा आजही पायी जाऊन पाहता येतात. ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मधल्या कुरणात एक मोठा खडक आहे. त्याच्यावर वाटीसारखी भोके पाडलेली आहेत. त्यांत व्हिनेगर भरून नाणी बुडवून ठेवीत. व्हिनेगरने रोगाचे विष मरते अशी समजूत होती. गेल्या साडेतीन शतकांत हजारो बोटे फिरून भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. दुसरी जागा म्हणजे गावाच्या उत्तरेस टेकडीवर असलेला 'मॉम्पेसनचा झरा'. तेथे नाणी वाहत्या पाण्यात ठेवली जात. जंतू ही कल्पनाच ज्या काळी कुणाला ठाऊक नव्हती, त्या काळी पैशाच्या देवघेवीतून रोग पसरू नये म्हणून घेतलेली ही खबरदारी होती. २०२० मध्ये दुकानदाराने पुढे केलेल्या ट्रेमध्ये सुट्टे पैसे टाकणाऱ्या आपणा सर्वांना ती परकी वाटू नये.

आठ दिवसांत सात कबरी

ऑगस्ट १६६६ हा सर्वांत भीषण महिना ठरला. या एका महिन्यात पाऊणशेहून अधिक माणसे गेली. गावाबाहेर सुमारे अर्ध्या मैलावर रायली नावाच्या शेतात हॅनकॉक कुटुंब राहत असे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, अवघ्या आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅनकॉक हिचा नवरा आणि सहा मुले मरण पावली. मदतीला कोणी येणे शक्य नव्हते. तिने एकटीने सातही जणांना ओढत नेऊन शेतात पुरले. ती स्वतः वाचली. 'रायली ग्रेव्हज' या नावाने ओळखली जाणारी ती जागा आज नॅशनल ट्रस्टच्या देखरेखीखाली आहे. गोलाकार दगडी भिंतीच्या आत, उघड्या माळावर ते दगड उभे आहेत. ईममधील कोणत्याही स्मारकापेक्षा ही जागा अधिक अस्वस्थ करते.

२५ ऑगस्टला मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन गेली. ती अवघी सत्तावीस वर्षांची होती. मुलांना आधीच यॉर्कशायरला नातेवाइकांकडे पाठवले होते. तिने त्यांच्याबरोबर जावे असा आग्रह झाला; पण ती नवऱ्याजवळ थांबली आणि आजाऱ्यांची सेवा करीत राहिली. तिची कबर चर्चच्या आवारात, त्या जुन्या क्रूसाजवळ आहे. मॉम्पेसन यांनी त्या दिवसांत लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील एक, आई गेल्याचे मुलांना कळवणारे, वाचताना आजही गलबलून येते.

मार्शल हाउ नावाचा एक धिप्पाड खाणकामगार साथीच्या आरंभी आजारी पडून बरा झाला होता. आपल्याला पुन्हा हा रोग होणार नाही अशी त्याची खात्री होती. जिथे पुरायला कोणी उरलेले नसे तिथे तो जाई आणि मोबदला म्हणून मृताच्या घरातील चीजवस्तू उचली. पुढे त्याची बायको आणि मुलगा प्लेगने गेले. आपणच रोग घरी आणला, हा सल त्याला जन्मभर राहिला असे सांगतात. एमट सिडल ही ईमची तरुणी आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड टोर यांची कथाही गावात आवर्जून सांगितली जाते. दोघे घळीच्या दोन बाजूंना उभे राहून दुरूनच एकमेकांना पाहत. एप्रिल १६६६ नंतर ती यायची थांबली. साथ संपल्यावर गावात शिरणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता, तेव्हा त्याला कारण कळले.

१ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटचा बळी गेला. मॉम्पेसन यांनी नोव्हेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात ७६ कुटुंबे बाधित झाली आणि २५९ माणसे गेली, असा हिशेब दिला आहे. १६६९ मध्ये ते नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे बदलून गेले. तेथील लोकांनी प्लेगच्या भीतीने त्यांना प्रारंभी गावात घेण्यास नकार दिला आणि काही काळ त्यांना जवळच्या रफर्ड पार्कमध्ये झोपडीत राहावे लागले. ज्याने दुसऱ्यांसाठी शीव आखली, त्याच्या वाट्याला असा दुरावा यावा हे विलक्षणच. स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारले.

दंतकथा आणि इतिहास

ही कथा इतकी घाटदार आहे की इतिहासकारांनी तिच्याकडे संशयाने पाहणे स्वाभाविक होते. मॉम्पेसन यांची मोजकी पत्रे आणि चर्चमधील नोंदी वगळता समकालीन पुरावा फारच थोडा आहे. लंडनचे वैद्य रिचर्ड मीड यांनी १७२०च्या दशकात ईमचा उल्लेख केला. त्यानंतर ईममध्येच जन्मलेल्या कवयित्री ॲना सीवर्ड आणि १८४२ मध्ये गावाचा इतिहास प्रसिद्ध करणारे विल्यम वुड यांनी या कथेला आजचे रूप दिले. हॅनकॉक बाई, मार्शल हाउ, एमट आणि रोलंड यांचे तपशील बऱ्याच अंशी या नंतरच्या लेखनातून आणि गावातील तोंडी परंपरेतून आलेले आहेत. इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ मधील लेखात ही उभारणी कशी होत गेली ते दाखवले आहे.

गावाची तेव्हाची लोकसंख्या हा दुसरा वादाचा मुद्दा. ३५० पैकी ८३ जण वाचले, असे पूर्वी सांगत. नोंदींच्या नव्या अभ्यासानुसार वस्ती त्याच्या सुमारे दुप्पट असावी. तसे असले तरी गावातील तीन माणसांमागे एक गेले, हे उरतेच.

तिसरा मुद्दा 'स्वेच्छे'चा. गावातील काही सुखवस्तू मंडळी आधीच बाहेर पडली होती. मॉम्पेसन यांनी स्वतःची मुले वेळीच दूर पाठवली होती. ज्यांना जायला दुसरे घर नव्हते, त्यांच्यापुढे निवड ती कितीशी होती? शिवाय १६०४च्या कायद्याने प्लेगग्रस्ताने बाहेर फिरणे हा गंभीर गुन्हा ठरवला होता आणि अनोळखी माणसाला कोणतेही गाव थारा देत नव्हते. त्यामुळे ईमच्या निर्णयात त्यागाबरोबर भीती, कायदा, दारिद्र्य आणि धर्मगुरूंचा दबाव यांचाही वाटा असणार.

चौथा प्रश्न अधिक कठोर आहे. या निर्णयाने नेमके काय साधले? प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, माणसांना कोंडून उंदीर थांबत नाहीत आणि गावकरी व्यर्थ मेले, असा युक्तिवाद बरीच वर्षे केला जाई. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी ईमच्या मृत्युनोंदींचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांच्या मते सुमारे तीनचतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी. हे खरे मानले, तर माणसांची ये-जा थांबवण्याला अर्थ होता. आसपासच्या गावांत साथ पसरली नाही, ही गोष्टही त्याच बाजूची. मात्र एकाच घरात कोंडलेल्यांनी त्याची किंमत मोजली, हेही तितकेच खरे.

मुंबईत सापडलेले उत्तर

ईममध्ये काय घडले, हे कळायला जगाला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली आणि त्या शोधाचा मोठा भाग हिंदुस्थानात घडला. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू ओळखला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्या रुग्णांचे निदान केले. जानेवारी १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांच्या नावाने उभी आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगात उंदरावरील पिसूच रोग वाहून नेते, हे दाखवले. ईमच्या शिंप्याच्या घरातील दमट कापडाचा अर्थ तेव्हा खऱ्या अर्थाने उलगडला.

मराठी वाचकाला येथे पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. १८९७ मध्ये प्लेग निवारणाच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे तपासली गेली, माणसे जबरदस्तीने छावण्यांत नेली गेली. त्या संतापातून २२ जून रोजी चापेकर बंधूंनी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च रोजी मृत्यू झाला. विलगीकरणाचा उपाय ईममध्येही होता आणि पुण्यातही. ईममध्ये तो लोकांच्या भाषेत, लोकांच्या विश्वासातील माणसांनी, त्यांच्याबरोबर तेथेच राहून सांगितला. पुण्यात तो बंदुकीच्या धाकाने लादला गेला. त्या वर्षी केलेला साथरोग कायदा २०२० मध्येही आपल्याकडे वापरला गेला, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या तुलनेचे महत्त्व कळते.

आसपासचा परिसर

ईमपासून दहा-बारा किलोमीटरच्या परिघात पाहण्यासारखे बरेच आहे. सर्वांत जवळचे स्टोनी मिडलटन. शिवेवरच्या दगडावरून पायवाटेने तेथे उतरता येते. तेथील सेंट मार्टिन चर्चचा अष्टकोनी सभामंडप इंग्लंडमध्ये क्वचितच आढळतो.

चॅट्सवर्थ हा डेव्हनशायर घराण्याचा प्रासाद डर्वेंट नदीकाठी आहे. आज दिसणारी इमारत बहुतांशी साथीनंतरची. तिचे बांधकाम १६८७ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात येथे मुख्य माळी असलेल्या जोसेफ पॅक्स्टन यांनीच पुढे १८५१च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. प्रासादाजवळचे 'एन्झर' हे गाव आवर्जून पाहावे. प्रासादातून दिसणाऱ्या देखाव्यात अडथळा नको, म्हणून सहाव्या ड्यूकने १८३०-४०च्या सुमारास जुन्या गावातील बरीच घरे पाडून नव्या जागी नवी घरे बांधली. त्यांतील प्रत्येक घराचा घाट वेगळा आहे. दुसऱ्यांसाठी स्वतःला कोंडून घेणारे एक गाव आणि एका उमरावाच्या डोळ्यांना सुख वाटावे म्हणून हललेले दुसरे गाव, दोन्ही एकाच दिवसात पाहून होतात.

उत्तरेकडील हॅदरसेज येथे शार्लट ब्राँटे १८४५ मध्ये राहिल्या होत्या; 'जेन एअर' या कादंबरीतील काही स्थळांवर या परिसराची छाया आहे. रॉबिन हूडचा साथीदार लिटल जॉन याची म्हणून दाखवली जाणारी कबरही तेथेच आहे. दक्षिणेला बेकवेल हे बाजाराचे गाव बदामाच्या 'बेकवेल पुडिंग'साठी प्रसिद्ध आहे. आणखी पुढे क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट यांनी १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. आपल्या हातमागांचे भवितव्य बदलणाऱ्या यंत्रयुगाचा आरंभ जेथे झाला, त्या खोऱ्यातील गिरण्यांना २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

कसे जावे, केव्हा जावे

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून शेफिल्डला रेल्वेने सुमारे दोन ते अडीच तासांत पोहोचता येते. शेफिल्डहून ईमकडे बस जाते. मात्र फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. शेफिल्ड-मँचेस्टर मार्गावरील ग्रिंडलफर्ड हे ईमला जवळचे स्थानक. तेथून चढणीच्या वाटेने चालत जाण्याचा आनंद काही वेगळाच असतो. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात संग्रहालय बंद असते. गाव, शिवेचा दगड, रायलीच्या कबरी आणि मॉम्पेसनचा झरा हे सारे पायी पाहण्यास एक पूर्ण दिवस हवा. चिखलात चालण्याजोगे बूट आणि पावसाळी अंगरखा ऑगस्टमध्येही जवळ असू द्यावा.

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी 'प्लेग संडे' पाळला जातो. ही प्रथा साथीच्या द्विशताब्दीपासून, म्हणजे १८६६ पासूनची. गावकरी ककलेट डेल्फमध्ये जमतात, प्रार्थना होते, कॅथरीनच्या कबरीवर पुष्पचक्र वाहिले जाते. त्याच सुमारास गावातील जुने झरे फुलांच्या पाकळ्या ओल्या मातीत बसवून केलेल्या चित्रांनी सजवतात. ही डर्बीशायरची खास प्रथा आहे.

एक सूचना आवश्यक आहे. पाट्या लावलेली घरे म्हणजे स्मारके नव्हेत. त्यांत आज कुटुंबे राहतात. खिडकीतून डोकावू नये, अंगणात शिरू नये आणि रायलीच्या भिंतीवर बसून छायाचित्रे काढू नयेत. पाटीवरील नावे मात्र सावकाश वाचावीत. एकाच आडनावाची सहा-सहा नावे, त्यांच्यापुढे काही दिवसांच्या अंतराने पडलेल्या तारखा. इतिहासकारांचे सर्व आक्षेप मान्य करूनही या तारखा बदलत नाहीत. हे लोक संत नव्हते. खाणीत खपणारे, शेते कसणारे, धर्मावरून आपसांत भांडणारे साधे गावकरी होते. भीती त्यांनाही होती. तरीही शिवेच्या त्या दगडापाशी आल्यावर त्यांच्यातील बहुतेक जण नाणी ठेवून मागे फिरले.